ध्यानाची वेळ आणि मुहूर्ताचा भ्रम

ध्यानभावनेस दिवसातील कोणती वेळ उत्तम, हा प्रश्न विहारात येणारे उपासक-उपासिका वारंवार विचारतात. त्यास बहुधा 'ब्राह्ममुहूर्त' हे ठरीव उत्तर दिले जाते. पहाट शांत असते, यात शंका नाही. परंतु त्या घटकेस पावित्र्य चिकटविले की रात्रपाळी संपवून पहाटे घरी परतणारा कामगार आणि त्याच वेळी नळावर पाणी भरणारी माता, ही दोघेही साधनेस जणू अपात्र ठरतात. म्हणून पालि वाङ्मय या बाबतीत काय सांगते, हे आपण पाहिले पाहिजे.

प्राचीन भारतात रात्रीचे तीन याम मानीत. एक याम सुमारे चार तासांचा. संबोधीच्या रात्री सिद्धार्थ गौतमास पहिल्या यामात पूर्वनिवासाचे स्मरण, मधल्या यामात दिव्यचक्षू आणि अखेरच्या यामात आस्रवांच्या क्षयाचे ज्ञान झाले, असे निकाय सांगतात. अखेरचा याम शुभ होता म्हणून बोधी प्राप्त झाली, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. तिन्ही यामांतील अखंड प्रयत्नांचे ते फळ होते.

भिक्खूंच्या दिनचर्येकडे पाहिले असता हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. सकाळचा वेळ पिंडपातात जाई. मध्यान्हीपूर्वी भोजन आटोपणे विनयाने बंधनकारक होते. म्हणूनच भोजनोत्तर परत येऊन भिक्खू पद्मासन घालून बसतो, असे वर्णन सुत्तांत वारंवार येते. मज्झिम निकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात जागरूकतेची जी शिकवण आहे, तिच्यानुसार दिवसा आणि रात्रीच्या पहिल्या यामात चंक्रमण व आसन यांनी चित्त शुद्ध करावे, मधल्या यामात उजव्या कुशीवर सिंहशय्या करावी आणि अखेरच्या यामात उठून पुन्हा साधनेस लागावे. हे वेळापत्रक भिक्खूच्या उपजीविकेतून व देहाच्या गरजेतून घडले आहे, ग्रहनक्षत्रांतून नव्हे.

देहाच्या मर्यादांचीही तथागतांना जाणीव होती. मगधातील कल्लवालमुत्त गावी महामोग्गल्लान ध्यानास बसले असता पेंगू लागले. तेव्हा भगवंतांनी त्यांना व्यावहारिक उपाय सांगितले : धम्माचे चिंतन व पठण करावे, कान ओढावेत, अंग चोळावे, डोळ्यांवर पाणी मारून ताऱ्यांकडे पाहावे, प्रकाशाची संज्ञा धरावी, येरझाऱ्या घालाव्यात; आणि एवढ्यानेही झोप हटली नाही, तर उठण्याच्या वेळेचे भान ठेवून सरळ झोपावे. प्रथम संगीतीच्या आदल्या रात्री आनंदाने बराच काळ कायगता स्मृतीत घालविला. पहाटे विश्रांतीसाठी तो आडवा होत असता, पाय भूमीवरून उचललेले आणि डोके अद्याप उशीस टेकलेले नाही, अशा क्षणी त्याचे चित्त विमुक्त झाले. घटिका मोजणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

हे सर्व भिक्खूंचे झाले. मग गृहस्थाचे काय? अंगुत्तर निकायाच्या एकादसक निपातात शाक्य महानामास भगवंतांनी अनुस्मृतीची भावना शिकविली. ती चालताना, उभे असताना, बसताना, निजताना, कामकाज पाहताना आणि मुलाबाळांनी गजबजलेल्या घरात राहतानाही करावी, असे त्यांनी सांगितले. बुद्धकालीन संसारी माणसाची अडचण आजच्या वस्तीतील माणसाहून फार वेगळी नव्हती, हे येथे दिसते. त्याच निकायात असेही सांगितले आहे की, जो सकाळी काया, वाचा व मनाने सदाचरण करतो त्याची सकाळ शुभ. दुपार व संध्याकाळ यांचेही तसेच. नक्खत्त जातकात तर नक्षत्र पाहत बसल्याने ठरलेला विवाह हातचा गेलेल्या कुटुंबाची कथाच आहे.

१९७६ साली शिबिरांस आरंभ झालेल्या इगतपुरीच्या धम्मगिरीत दिवस पहाटे चार वाजता घंटेने सुरू होतो. परंतु घरी परतणाऱ्या साधकास सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास बसण्यास सांगितले जाते. शिबिराची शिस्त आणि संसाराची सोय यांतील हा भेद योग्यच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपणांस जो धम्म दिला, त्यात मुहूर्ताला स्थान नाही. मुहूर्त दारातून घालवून ध्यानाच्या खिडकीतून पुन्हा घरात घेणे आपणांस शोभणारे नाही. पहाटे ज्याचे चित्त ताजे असते त्याने पहाटे बसावे. रात्रपाळी करणाऱ्याने झोप पुरी करून दुपारी बसावे. जिला दिवसभर उसंत नाही तिने मुले निजल्यावर अर्धा तास बसावे. वेळ कोणतीही निवडावी, पण निवडल्यावर ती रोज पाळावी. चित्त जेव्हा जागे असते, तीच ध्यानाची उत्तम वेळ होय, असे आम्हांस वाटते.