मज्जेचे राखणदार

आमच्या कर्वेनगराहून, म्हणजे जुन्या हिंगण्याहून, गणेशखिंड काही फार दूर नाही. तेथे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सोय म्हणून त्याचा आरंभ झाला. मानवी पेशी भांड्यांत वाढवून, गोठवून जपणे व संशोधकांस पुरविणे हे त्याचे एक कार्य होय.

मेंदूत संदेशवाहक पेशींखेरीज त्यांचे पोषण व रक्षण करणाऱ्या आधारपेशी असतात. जर्मन पंडित विर्खो यांनी १८५६ साली त्यांना ‘मज्जेचा सरस’ अशा अर्थाचे नाव दिले. जणू चिकटविणे एवढेच त्यांचे काम! १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जेचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला, तो त्यातून तंतू फुटताना दिसले. देहाबाहेरही पेशी जगते, हे त्यातून सिद्ध झाले.

परंतु राखणदारच उलटला तर? कुंपणानेच शेत खावे, तसे आधारपेशींचे अर्बुद मेंदू ग्रासते. अशाच एका मानवी अर्बुदापासून वाढविलेल्या पेशींचे दोन वंश पुण्याच्या या केंद्रातील अंजली शिरास, पद्मा शास्त्री व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्धीस आणले. पहिला संथ वाढणारा. दुसरा त्यातूनच आपोआप उपजलेला, परंतु झपाट्याने वाढून उंदरांत अर्बुद उत्पन्न करणारा. सौम्य पेशी उग्र कशी होते, हे आता भांड्यात न्याहाळता येते.

एका रुग्णाच्या व्याधीतून अशी विद्या निपजली. त्या अनामिकाचे ऋण आपण विसरू नये.