सी, डी, ई : हार्ड डिस्कच्या वाटण्यांची गोष्ट

आमच्या दौंडच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी सातवीत होतो. दुकानदाराने सगळं जोडून दिलं, 'माय कॉम्प्युटर' उघडून दाखवलं आणि बजावलं, "सी ला हात लावायचा नाही. डी मध्ये गाणी, ई मध्ये पिक्चर." १६० जीबीची एकच डिस्क आणि तिचे तीन तुकडे. तीनच का, सी पासूनच का, ए आणि बी कुठे गेले, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे एमएस-सीआयटी केलं, तिथेही नाही. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात मात्र हे न विचारल्याची किंमत मोजली. ते पुढे सांगतो.

पीएचडीला लागलात की पहिल्या महिना-दोन महिन्यांत लॅपटॉपवर लिनक्स टाकायची वेळ येते. इन्स्टॉलर एका ठिकाणी थांबून विचारतो, डिस्क कशी विभागायची? बहुतेक जण तिथे यूट्यूब उघडतात आणि कुणीतरी सांगितलेले आकडे भरून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच, की ते आकडे कुठून आले हे आधी समजून घ्या. त्यातले निम्मे तुमच्या जन्माआधीच्या अडचणींवरचे उपाय आहेत.

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन एक टनाच्या पुढे आणि मावायची ५० लाख अक्षरं. तिथे वाटणीचा प्रश्नच नव्हता. आपल्या घरांत आलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट सुरू होते १९८३ च्या मार्चमध्ये. आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन बाजारात आला, सोबत डॉस २.० आणि त्यात एफडिस्क नावाचा प्रोग्राम. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी आधीच गेलेली होती, म्हणून डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी गेली, अक्षर राहिलं.

१० एमबीची डिस्क कुणाला तोडायची असेल, असं आज वाटतं. पण तेव्हा कारण जागेचं नव्हतं, भाऊबंदकीचं होतं. एकाच यंत्रावर डॉस, सीपीएम किंवा झेनिक्स अशा वेगवेगळ्या प्रणाली ठेवता याव्यात आणि एकीने दुसरीच्या हद्दीत नांगर घालू नये, यासाठी पार्टिशन. कुणाची हद्द कुठून कुठपर्यंत, ही नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ठेवली. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, २ बाइट खुणेला आणि उरलेले ६४ बाइट नोंदीला. एका नोंदीला १६ बाइट. म्हणजे नोंदी चार. बस्स, चारच.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा, असं समजा. जमीन वेगळी आणि तिची नोंद वेगळी. पार्टिशन 'डिलीट' केलं तर सहसा फक्त नोंद जाते, जमिनीवरचं पीक तिथेच उभं असतं. म्हणून टेस्टडिस्कसारखा प्रोग्राम बांधांच्या खुणा शोधून नोंद पुन्हा उभी करू शकतो, अर्थात मधल्या काळात तिथे दुसऱ्या कुणी पेरणी केली नसेल तर. (डिस्कवरून चुकून काही गेलं तर पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर लिहिणं थांबवा. पहिलं. बाकीचं नंतर.)

आता डी आणि ई. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका डिस्कवर स्वतःचं एकच पार्टिशन ओळखायच्या आणि त्याची मर्यादा ३२ एमबीला अडकली. डिस्का मोठ्या होत गेल्या, तशी उरलेली जागा नुसती पडीक राहायला लागली. १९८७ च्या डॉस ३.३ ने वाट काढली : चारपैकी एक नोंद 'एक्स्टेंडेड' म्हणायची आणि तिच्या पोटात हवे तितके लॉजिकल ड्राइव्ह एकापुढे एक साखळीने जोडायचे. साखळीची कडी तुटली की पुढचे सगळे दिसेनासे. उपाय सुंदर नव्हता, पण मूळ नोंदवही बदलणं आता कुणालाच परवडणार नव्हतं.

दौंडकरांना हे वेगळं सांगायला नको. १८७८ साली मनमाडचा फाटा इथे जोडला गेला तो अशा बाजूने, की पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. लहानपणी आम्ही ते बघायला उभे राहायचो. शेकडो गाड्या, हजारो वेळा. मग कितीतरी दशकांनी कॉर्ड लाईन आणि तिचं वेगळं स्टेशन झालं. एक्स्टेंडेड पार्टिशन म्हणजे डॉसची कॉर्ड लाईन.

पुढची भिंत २ जीबीची. फॅट१६ ही पद्धत डिस्कचे साधारण ६५ हजार कप्पे मोजू शकायची आणि एक कप्पा जास्तीत जास्त ३२ केबीचा. गुणाकार करा, २ जीबी येतात. त्यामुळे सुरुवातीच्या विंडोज ९५ वर ४ जीबीची डिस्क घेतली तर तिचे किमान दोन तुकडे करणं भागच होतं. शिवाय १ केबीची फाइलही अख्खा कप्पा अडवते, म्हणजे ३१ केबी वाया. तुकडा १ जीबीचा केला की कप्पा १६ केबीचा होतो आणि नासाडी निम्म्यावर येते. म्हणजे डिस्क बारीक तोडण्यात तेव्हा खरोखर शहाणपण होतं. १९९६ च्या फॅट३२ ने आणि नंतर घरोघरी एक्सपीबरोबर आलेल्या एनटीएफएसने ही गरज संपवली. सवय मात्र राहिली.

ती निव्वळ सवयच होती असं म्हणणं मात्र आमच्या दुकानदारावर अन्याय होईल. पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचा, विंडोज बसायची, तो यायचा आणि सी फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकायचा. डी मधली गाणी आणि ई मधले पिक्चर जागच्या जागी. त्याचा तर्क बिनचूक होता : जे परत आणता येतं ते एका बाजूला, जे येत नाही ते दुसऱ्या बाजूला.

युनिक्सच्या घराण्यात तोच तर्क वेगळ्या वाटेने आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये प्रणाली एका डिस्कवर आणि लोकांच्या फाइली दुसरीवर, 'यूएसआर' नावाखाली, असायच्या. पहिली भरली तेव्हा प्रणालीचेच प्रोग्राम दुसरीवर पाठवले. आजही तुमच्या लिनक्समध्ये 'यूएसआर' आहे आणि त्यात वापरकर्त्याचं काहीही नसतं! खुद्द लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कच्या पार्टिशनला 'फोन लावला' आणि त्याचं मिनिक्स उडालं. त्यानंतर तो पूर्णपणे स्वतःच्या लिनक्सवर आला. त्याच्याकडून हे झालं म्हणून मला थोडा धीर येतो.

कारण माझं असं झालं. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी प्रथिनाच्या एका रेणूचं सिम्युलेशन ग्रोमॅक्समध्ये चालवत होतो. कुठल्याशा व्हिडिओत बघून रूटला २० जीबी दिले होते, होम त्याच्याच आत, आणि त्याच्या उजवीकडे डेटासाठी २०० जीबीचं वेगळं पार्टिशन. एका रात्री आउटपुटचा पत्ता चुकला. सगळं होममध्ये लिहिलं गेलं, सकाळी रूट शंभर टक्के भरलेलं आणि लॉगिन होईना. पासवर्ड टाकला की पुन्हा तोच पडदा. खरं तर टर्मिनलवरून आत जाऊन ती एक फाइल पुसली असती तरी काम झालं असतं. मला वाटलं, रूटच मोठं करू.

इथे एक यांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. पार्टिशन उजवीकडे वाढवायचं तर शेजाऱ्याची सुरुवात पुढे सरकवावी लागते आणि त्याच्या आतला सगळा माल उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. ही नुसती नोंदीतली दुरुस्ती नसते. जीपार्टेड हे काम तासन्‌तास करतं. मी दौंडला घरी होतो, मे महिना, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायर लावूनच चालायचा. दुपारी वीज गेली.

टेस्टडिस्कला हद्द सापडली. आत अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या. तीन आठवड्यांच्या रन गेल्या. मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "बॅकअप?" होता. त्याच पार्टिशनमध्ये, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये.

प्रोजेक्ट पाच दिवस उशिरा दिला, दोनऐवजी एकाच तापमानाचे निकाल घेऊन. आकृती क्रमांक ४ त्या प्रबंधात नाही.

तर आता मी कसं ठरवतो? आधी नवी नोंदवही : आजच्या लॅपटॉपवर जीपीटी असते. जुनी पद्धत साधारण २.२ टीबीच्या पुढे मोजूच शकत नव्हती. जीपीटीत सहसा १२८ नोंदी मावतात आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. प्रत नोंदवहीची, डेटाची नाही, हे मी आता कुणालाही दोनदा सांगतो. विंडोज ठेवायची असेल तर तिला १५० जीबी, रूटला ६०, बाकी सगळं होमला. रूट आणि होम वेगळे, म्हणजे झोपेत चाललेली रन होम भरेल पण मशीन अडवणार नाही, आणि लिनक्स नव्याने टाकताना होमला धक्का लागणार नाही. स्वॅपला वेगळं पार्टिशन करत नाही, फाइल पुरते. यापेक्षा जास्त तुकडे नकोत. शेतीत १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला तो उगाच नाही. एका तुकड्यात ४० जीबी रिकामे आणि दुसऱ्यात फाइल मावत नाही, अशी वेळ येते.

विंडोज आकसायच्या आधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून ते पार्टिशन फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत. पार्टिशन कितीही असोत, डिस्क मेली की सगळी एकदम जातात. परम ब्रह्मसारख्या मोठ्या यंत्रांवर काम कराल तेव्हाही हीच वाटणी दिसेल, होम आणि स्क्रॅच. स्क्रॅच पुसलं जाणार हे गृहीतच धरायचं असतं.

गेल्या महिन्यात लॅबमधल्या ज्युनिअरच्या लॅपटॉपवर हे सगळं बसवून दिलं. झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "दादा, विंडोजमध्ये एक डी पण काढून द्या ना. फोटो कुठे ठेवू?" १५० मधले ५० तोडून दिले.