न पेरलेलं पीक गहाण



जमीन, घर, दागिना गहाण पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण जे अजून पेरलंच नाही, तेही गहाण पडतं का? पडतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापूस पिकवणाऱ्यांनी ते भोगलं.

तिथं १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला तेव्हा चढा भाव आला. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. पण सुटलेल्या माणसाच्या हाती ना जमीन, ना जनावर, ना रोकड. लहान गोरे शेतकरीही नागवले होते. बँका थोड्याच. मग १८६६ साली जॉर्जिया राज्यानं कायदा केला, इतर राज्यांनीही तसेच केले. दुकानदारानं बी-बियाणं, धान्य उधार द्यावं आणि तारण म्हणून येत्या हंगामाचं पीक लिहून घ्यावं.

गरजेला सोय झाली खरी, पण पेच पुढंच होता. पीक एकाला लिहून दिलं, की दुसरा कोणी उधार देईना. त्याच दुकानात जावं लागे. तिथं भाव दोन: रोखीचा वेगळा, उधारीचा चढा. दुकानदार म्हणे, कापूसच लाव. त्यामुळं खायचा मकाही उधारीवर आला. जो तो कापूसच लावी, भाव उतरत गेले. सुगीला हिशेब फिटेना, की बाकी पुढं ओढायची आणि पुढच्या सालाचं पीकही अडकायचं.

आपल्याकडंही युद्धानंतर कापसाचा भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला रयतेनं सावकारांची कर्जखतं जाळली. मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातली एक गोष्ट मोलाची: जी जमीन त्या देण्यापायी नेमकी गहाण लिहून दिलेली नाही, ती त्यासाठी विकता येणार नाही.

मंडळी, आजही सोसायटीच्या कर्जाचा पहिला बोजा सभासदाच्या पिकावर असतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातच तसं आहे. त्यात वावगं काही नाही. त्या भरवशावरच हंगामाला पैसा मिळतो. पण कुठंही सही-अंगठा करण्याआधी कागद वाचून घ्या. कोणतं पीक, कोणता हंगाम, किती रक्कम, हे नेमकं लिहिलंय का ते पाहा. ‘पुढे जे मिळेल ते सर्व’ असे शब्द दिसले, तर थांबा आणि जाणत्याला विचारा. उद्याचं पीक आज बांधून घेणारे ते पाच शब्द आहेत, बरं का!