दंडावरची खूण आणि हातातला दाखला

ज्या घरातले कोणी परदेशी नाही असे घर आज आपल्या गावात शोधावे लागेल. नातवंडांना घेऊन जाण्यायेण्याची वेळ आली म्हणजे तिकिटांचा, सामानाचा, थंडीच्या कपड्यांचा विचार आधी होतो. टोचण्यांचा विचार शेवटच्या पंधरवड्यात. आमच्या परिचयाच्या एका सूनबाईंनी आपल्या मुलीचा टोचणीचा कागद मोठ्या निगुतीने जपून अमेरिकेस नेला. मुलीला शाळेत घालावयाचे ठरले तेव्हा तेथील परिचारिकेने तो कागद वाचला आणि नवव्या महिन्यात टोचलेली गोवराची लस जमेस धरता येत नाही असे सांगितले. सूनबाई रडकुंडीस आल्या. लस तीच, मूल तेच, दंडही तोच. मग इकडे जे झाले ते तिकडे झालेच नाही, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात थोडे आहे आणि इतिहासात पुष्कळ आहे. आज आपण तो इतिहास पाहू.

त्याचा आरंभ मोठा चमत्कारिक आहे. आज मूल लस टोचून घेऊन प्रवासास निघते. प्रारंभी मात्र मुलेच लस वाहून नेत असत. जेन्नरने १७९६ साली गायीच्या देवीची लस माणसाला टोचून पाहिली आणि दोन वर्षांनी ती हकीकत छापली. ही लस म्हणजे फोडातला पातळ रस. उन्हात, समुद्राच्या दमट हवेत तो हा हा म्हणता निकामी होई. बर्फाची पेटी नव्हती, बंद कुपी नव्हती. तो रस जिवंत राहण्याची खात्रीची जागा एकच : माणसाचा दंड. टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी फोड पिके, त्यातला रस काढून दुसऱ्याच्या दंडाला टोचावयाचा, त्याचा पिकला की तिसऱ्याच्या. आणि ज्याला देवी येऊन गेल्या आहेत त्याच्या अंगी ती धरत नाही, म्हणून माणूस कोरा हवा. एवढे कोरे दंड कोणाचे? अर्थात मुलांचे.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ नावाचे जहाज निघाले. डॉक्टर बाल्मिस त्याचा नायक. जहाजावर २२ मुले होती, तीन ते नऊ वर्षांची, अनाथाश्रमातून उचललेली. त्यांना सांभाळावयास इसाबेल सेंदाल ही आश्रमाची बाई, आणि तिचा स्वतःचा मुलगाही बरोबर. दर नऊ-दहा दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचीत, साखळी तुटू न देता ही मंडळी अटलांटिक ओलांडून गेली. दोघांना एकदम टोचण्याचे कारण असे की एकाचा फोड खाजवून फुटला तर सगळा प्रवास फुकट. पुढे मेक्सिकोतून फिलिपिन्सला जाण्यासाठी नवी मुले लागली, २६. यांतली पुष्कळ आईबाप असलेली होती. दोन महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासात मुलांना जमिनीवर निजविले होते. जहाज हेलकावले की ती एकमेकांवर लोटली जात आणि नको त्याला लस लागे, अशी तक्रार बाल्मिसने केलेली आहे. १८०५ च्या एप्रिलात ती मनिलास पोचली. या मोहिमेची थोरवी आम्ही नाकारीत नाही. हजारो जीव तिने वाचविले. परंतु त्या मुलांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न तिची हकीकत वाचताना मनातून जात नाही.

आपल्याकडे लस दुसऱ्या वाटेने आली. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तेथून बगदाद, बसरा आणि मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. हिंदुस्थानातील पहिला यशस्वी दंड तो. तिच्या फोडातून इतर मुलांना टोचले आणि तेथून लस पुणे, सुरत, मद्रास अशी देशभर गेली.

पुढच्या शंभर वर्षांत टोचणी कायद्यात शिरली, आणि येथूनच देशादेशांत फरक पडू लागला. इंग्लंडने १८५३ साली तान्ह्या मुलांच्या देवी काढणे सक्तीचे केले. लोकांनी एवढा विरोध केला की १८९८ साली सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणणाऱ्या बापाला सूट द्यावी लागली, आणि १९४८ साली सक्तीच उठली. जर्मनीने १८७४ च्या कायद्याने मुलांना लहानपणी एकदा आणि बाराव्या वर्षी पुन्हा असे दोनदा टोचावयास लावले. म्हणजे एकच समुद्र ओलांडला की बापाचा अधिकार बदले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेला निघालेल्या स्वस्त भाड्याच्या, तळच्या वर्गातील उतारूंना दंडावरचा वण दाखवावा लागे. नसला तर टोचून घ्यावे लागे. वरच्या वर्गातील उतारूंना एवढी तोशीस नसे. रोग भाड्याचा दर पाहून चढतो अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत असावी!

वण जाऊन कागद आला तो विमानांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम मंजूर केले, १ ऑक्टोबर १९५२ पासून ते अमलात आले. देवीचा दाखला तीन वर्षे चाले, पटकीचा सहा महिने, पीतज्वराचा आधी सहा आणि पुढे दहा वर्षे. पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला पटकीची सुई टोचून घ्यावी लागे हे ज्यांना आठवते, त्यांना ही पद्धत नवी वाटू नये. या नियमांत मुलांविषयी एक बारीक कलम आहे : दाखला ज्याचा त्याचा स्वतंत्र, मुलांचाही वेगळा. मुलाचे नाव आईच्या पासपोर्टात लिहिण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ दिवस होती. सरकारच्या लेखी आई आणि तान्हे मूल एक. सुईच्या लेखी मात्र ती दोन. आणखी एक कलम असे की एखाद्या जीवाला लस देणे धोक्याचे आहे असे डॉक्टरला वाटले तर त्याने तसे कारणासह लिहून द्यावे; पलीकडच्या बंदरातील अधिकारी ते ध्यानात घेऊ शकतो. घेऊ शकतो, घेतलेच पाहिजे असे नाही.

या ‘शकतो’मध्ये आईबापांचा जीव किती अडकतो याचे उदाहरण पीतज्वरात आहे. हा रोग आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा. आपल्या देशात तो नाही, पण तो पसरविणारा डास घरोघर आहे. १९१४ साली पनामा कालवा खुला झाला त्या सुमारापासूनच हा रोग बोटीने पूर्वेस येईल ही भीती आपल्याकडील अधिकाऱ्यांना वाटत होती. १९३७ साली थायलरने लस सिद्ध केली आणि भीतीला उपाय मिळाला. तेव्हापासून भारताचा नियम जगातील अत्यंत कडक नियमांत मोडतो : पीतज्वराच्या देशातून दाखल्याशिवाय आलेल्या माणसास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवावयाचे. आता केनियात नोकरीधंद्यानिमित्त गेलेले आपले मराठी कुटुंब किंवा गोमंतकीय कुटुंब डोळ्यांपुढे आणा. सात महिन्यांचे मूल, आणि इकडे आजोबा अत्यवस्थ. सहा महिन्यांच्या आत ही लस द्यावयाचीच नाही, कारण मेंदूला सूज येण्याचा धोका. सहा ते नऊ महिन्यांत, साथ नसेल तर, देऊ नये असा वैद्यकाचा सल्ला. भारताची सूट मात्र पुष्कळ वर्षे सहा महिन्यांच्या आतील मुलांपुरतीच होती. मधले तीन महिने मूल कोणाचे? डॉक्टर टोचू नका म्हणतो, अधिकारी टोचल्यावाचून आणू नका म्हणतो. आणि टोचले तरी दाखला दहा दिवसांनी लागू होतो. आजोबा तोवर थांबतात असे नाही. अलीकडे भारताने ही मर्यादा नऊ महिन्यांवर आणली आहे. इतर देशांत कोठे सहा महिने, कोठे नऊ, कोठे वर्ष, असा प्रकार अजून आहे.

आता आमच्या सूनबाईंकडे वळू. आपल्याकडे गोवर लहान वयात गाठतो आणि जीव घेतो, म्हणून पहिली लस नवव्या महिन्यात. अमेरिकेत तान्ह्या मुलाला गोवर होण्याचा संभव कमी. म्हणून आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत, वर्षापर्यंत थांबावयाचे, म्हणजे लस अधिक पक्की बसते. तेथील शाळा पहिल्या वाढदिवसाआधीची लस हिशेबात घेत नाहीत ती याच कारणाने. क्षयाच्या लसीचेही तसेच : आपण ती जन्मतःच देतो, अमेरिकेत ती सर्रास देत नाहीत, मग त्वचेवर केलेली क्षयाची चाचणी फुगली की आपल्या मुलाकडे सारे संशयाने पाहू लागतात. दोन्ही देशांचे आपापल्या घरी बरोबर आहे. चूक होते ती मूल एका घरातून दुसऱ्या घरात गेले म्हणजे.

देवीचा दाखला गेला तो रोगाबरोबर. १९८० साली देवी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. पटकीचा १९७३ सालीच नियमांतून वगळला गेला, कारण त्या सुईने रोग सीमेवर थांबत नाही हे ध्यानात आले होते. दाखल्यांचा काळ संपला असे वाटत असतानाच करोना आला आणि जुना खेळ नव्याने सुरू झाला. १९५२ चा धडा जगाने अगदी विसरला होता म्हणाना! २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने आपल्याकडील दाखला मान्य केला नाही, म्हणून ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस अलग राहावयास लावले. आठवड्याने ब्रिटनने माघार घेतली. वडीलमंडळींचा तंटा हा. मुलांची अवस्था वेगळीच. आपल्याकडे १५ ते १८ वर्षांच्या मुलांना लस मिळू लागली ती ३ जानेवारी २०२२ रोजी. त्याआधी मुलाने दाखला आणावा कोठून? अमेरिकेने ८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमात अठरा वर्षांखालील मुलांना सूट दिली हे शहाणपणाचे झाले. स्पेनने ब्रिटनमधून येणाऱ्या बारा वर्षांवरील मुलांकडूनही लसीचा दाखला मागितला, आणि त्या वयाच्या ब्रिटिश मुलांचा दुसरा डोस व्हावयाचाच होता. कितीतरी कुटुंबांचे सुट्टीचे बेत त्यामुळे अडले. फेब्रुवारीत चाचणीवर प्रवेश देऊन तो नियम सैल करावा लागला.

पीतज्वराचा दाखला मात्र उरला आहे. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. मुलाला लिहिता येत नसेल तर त्यावर आईने किंवा बापाने सही करावी असा नियम आहे. आज नवव्या महिन्यात टोचलेली मुलगी सत्तर वर्षांची होऊन कोठल्या विमानतळावर उभी राहील, तेव्हाही तिच्या हातात हाच कागद असेल, आणि त्यावर सही तिच्या आईची.