अकलूजच्या माळावर टस्कनीची द्राक्षे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की यवत, चौफुला, वरवंड मागे पडून पाटस येते. तेथून बारामतीकडे फुटणारा रस्ता रोटी घाट चढू लागतो. आषाढवारीच्या दिवसांत तुकोबांच्या पालखीने दुमदुमणारा हाच तो घाट. पालखी पुढे बारामती, इंदापूर करीत नीरा ओलांडून अकलूजला पोहोचते. योगायोग असा, की या वाटेच्या दोन टोकांना दोन वाइनरी उभ्या आहेत. दौंड तालुक्यातील रोटी येथे ‘फोर सीझन्स’, तर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळच्या मोटेवाडी येथे ‘फ्राटेली’. पहिली एका बलाढ्य मद्यसमूहाने उभारली. दुसरी तीन घरांतल्या भावाभावांनी. या दुसरीचा कुळाचार इटालियन आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे.

‘फ्राटेली’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. इटलीचे अलेस्सिओ आणि आंद्रेआ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी आणि अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील अशा तीन बंधुजोड्यांनी २००७ च्या सुमारास हा उद्योग सुरू केला. बागा लावण्यापासून वाइन घडविण्यापर्यंतची सूत्रे टस्कनी प्रांतातील अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्याकडे होती. सहा भाऊ आणि सातवे मासी; म्हणून त्यांच्या नामांकित लाल वाइनला ‘सेत्ते’, म्हणजे ‘सात’ हे नाव मिळाले. फ्रान्समधून सुमारे साडेतीन लाख कलमे आणून मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे सुमारे २४० एकरांवर बागा उभ्या राहिल्या. सहकारी साखर कारखानदारीने नाव कमावलेल्या अकलूजच्या घराण्याने उसाच्या शिवारालगत कलमी द्राक्षवेल लावावी, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. या वेलींत टस्कनीचा अभिमान असलेली ‘सांजोवेसे’ ही जातही होती.

मुळात टस्कनीतील कुटुंबे वाइन करतात म्हणजे काय करतात? फ्लॉरेन्सचे अंतिनोरी घराणे १३८५ मध्ये तेथील वाइन व्यापाऱ्यांच्या श्रेणीत दाखल झाले, आणि आज त्या घराची सव्विसावी पिढी हाच व्यवसाय करते. ब्रोलिओ किल्ल्याचे रिकासोली त्याहून जुने. त्यांच्यातील बेत्तिनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. मात्र वाइनच्या इतिहासात त्यांचे नाव आहे ते १८७२ मध्ये लिहिलेल्या एका पत्रामुळे. कियांती वाइनचा गाभा सांजोवेसेचा असावा, तिचा कडवेपणा कानायोलोने मऊ करावा, लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडी पांढरी माल्वाझिया घालावी, असे प्रमाण त्यांनी त्यात मांडले आणि ते जवळजवळ शतकभर टिकले.

पण घराण्यांची नावे सांगून परंपरा कळत नाही. ती कळते माळ्यावर. टस्कनीतील शेतघरांत ‘विन सांतो’ नावाची गोड वाइन करतात. निवडक घड काढणीनंतर चटयांवर पसरून किंवा तुळयांना टांगून हिवाळाभर सुकवायचे, मग ते पिळून निघालेला दाट रस लहानशा पिंपांत भरायचा. या पिंपांच्या तळाशी मागच्या खेपेचा दाट साका मुद्दाम राखलेला असतो. त्याला तेथे ‘माद्रे’, म्हणजे ‘आई’ म्हणतात. आपल्याकडे सासूने सुनेच्या हाती विरजण द्यावे, तसाच हा प्रकार. पिंपे बंद करून ती तळघरात नव्हे, तर छपराखालच्या माळ्यावर ठेवतात. उन्हाळ्याची काहिली आणि हिवाळ्याची थंडी खात रस आत वर्षानुवर्षे मुरत राहतो.

सुकविलेल्या द्राक्षांचा आणखी एक जुना उपयोग ‘गोवेर्नो’ या पद्धतीत होई. पहिले आंबवण संपत आले, की बाजूला ठेवलेली अर्धी वाळलेली द्राक्षे त्यात घालीत. आंबवण पुन्हा मंदपणे जागे होई आणि वाइनचा तुरटपणा निवळे. तासगाव-पंढरपूरकडील बेदाण्याची शेड पाहिलेल्या वाचकाला घड सुकविण्याचे हे काम परके वाटणार नाही. फरक इतकाच, की आपण द्राक्ष साठविण्यासाठी सुकवितो आणि ते वाइनला धार यावी म्हणून. विसाव्या शतकात ‘गोवेर्नो’ मागे पडली. आता काही मोजकी घरे ती हौसेने जपतात.

या सगळ्यामागे आणखी एक व्यवस्था होती, जिच्याबद्दल पर्यटन पुस्तिका बोलत नाहीत. कियांतीच्या टेकड्या कसणारा शेतकरी बहुतेक वेळा मालक नसे. ‘मेझाद्रिया’ म्हणजे आपल्या भाषेत अर्धेली. जमीन आणि घर मालकाचे, श्रम कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. वेल, ऑलिव्ह आणि गहू एकाच शेतात घेतले जात, कारण कुळाला खायलाही लागे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. तोवर माणसे शहरांतल्या कारखान्यांकडे निघूनही गेली होती. मग बागा घाईने, अधिक उत्पन्नासाठी लावल्या गेल्या आणि कियांतीचे नाव काही काळ खालावले. ज्या परंपरेकडे आपण कौतुकाने पाहतो ती इतक्या पडझडीतून गेलेली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही परंपरा नीरा-भीमेच्या खोऱ्यात आणताना पहिली अडचण येते ती पंचांगाची. टस्कनीत नोव्हेंबर ते मार्च वेल झोपलेली असते. एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. आपल्या हवेत वेलीला अशी झोप मिळत नाही. म्हणून येथे ती कात्रीने घडवून आणावी लागते. काढणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर उन्हाळ्यात फुटलेल्या काडीत घडाचे डोळे तयार होतात; मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फळ हिवाळाभर वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. म्हणजे टस्कनीत ज्या महिन्यात वेल पालवते, त्याच महिन्यात येथे तिचा सारा विस्तार छाटला जातो. इटालियन तज्ज्ञालाही हे धडे येथील बागायतदाराकडूनच घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट द्राक्षाची. बाजारातल्या थॉम्पसनचा मणी मोठा, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा असतो. वाइनचे द्राक्ष याच्या अगदी उलट: लहान, बियांचे आणि जाड सालीचे. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, गरातून नव्हे. घडांची संख्या हेतुपुरस्सर कमी ठेवावी लागते. मांडवावर भरघोस माल घेण्यात प्रावीण्य मिळविलेल्या शेतकऱ्याला हे पटविणे सोपे नाही, आणि त्याचे चुकतेही असे म्हणता येणार नाही. वजनावर पैसे मिळणार असतील तर घड कोण कापून टाकील?

तिसरी अडचण उन्हाची. फेब्रुवारीच्या थंड रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवून धरतात. मार्च चढू लागला, की साखर वाढते आणि आंबटपणा झरझर उतरतो. त्यामुळे काढणीचा दिवस ठरविणे हे चव घेऊनच करायचे काम. घड शक्यतो गारव्यातच हातांनी तोडतात आणि लगेच कारखान्यात नेतात. पांढऱ्या वाइनसाठी रस त्वरित सालीपासून वेगळा काढतात. लाल वाइनचा रस सालीसकट आंबवितात. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात. तळचा रस पुन्हा पुन्हा वर फिरवून तो थर ओला ठेवावा लागतो. आंबवणातून उष्णताही निर्माण होते. टस्कनीत शरद ऋतूचा गारवा हे काम फुकट करून देई. अकलूजला पोलादी टाक्यांभोवती थंडावा खेळवावा लागतो. पुढे निवडक लाल वाइन फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. येथवर आले, की टस्कनी आणि माळशिरस यांतले अंतर बरेच कमी होते.

आता पुन्हा रोटीकडे वळू. ‘फोर सीझन्स’ ही यूबी समूहाने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेली वाइनरी. घाटमाथ्यावरची तिची फ्रेंच गढीच्या धाटणीची इमारत अनेकांनी पाहिली असेल. भांडवल, यंत्रे, विक्रीचे जाळे यांची तेथे कमतरता नव्हती. पण मूळ समूहाची मालकी बदलली आणि २०१८-१९ च्या सुमारास ती ग्रोवर झाम्पा समूहाकडे गेली. शिरूरच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी, श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली ‘इंडेज’ हिने भारतीय फेसाळ वाइन परदेशात नेली. तीही २०१० च्या सुमारास कर्जाखाली कोसळली. राज्याने २००१ च्या धोरणाने सवलती दिल्या, बागा वाढल्या आणि २००९-१० च्या मंदीत वाइनची द्राक्षे घ्यायला कोणी नाही अशी वेळ आली. अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटल्या.

शिरूर आणि दौंडच्या शेतकऱ्यासमोरचा खरा प्रश्न हाच आहे. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस बारा ते अठरा महिन्यांत तुटतो आणि त्याला एफआरपीचा आधार असतो. वाइनची वेल तिसऱ्या वर्षी फळ धरते, पुढे पंधरा-वीस वर्षे जागा अडवते, आणि तिचे द्राक्ष मंडईत विकता येत नाही. घेणारा एकच, तोही करारापुरता. कंपनीने धोरण बदलले की वेल निराधार होते. बाजार वाढवायचा म्हटले तर समाजाची संमती हवी. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातून, राळेगणसिद्धीहून, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

फ्राटेलीला या वादळांत एक गोष्ट उपयोगी पडली: वाइनच्या बागा बव्हंशी स्वतःच्या देखरेखीखाली होत्या आणि मालक घरचे होते. त्यामुळे काही वर्षांचा तोटा सोसून वेल जपणे शक्य झाले. अर्थात तेथेही काळ थांबलेला नाही. २०२४ मध्ये हा व्यवसाय सेखरी कुटुंबाच्या शेअर बाजारात नोंदलेल्या ‘टिन्ना ट्रेड’ या कंपनीत सामावला गेला आणि त्या कंपनीचे नाव ‘फ्राटेली विनयार्ड्स’ झाले. भावांच्या नावाची ही वाइनरी आता भागधारकांनाही दर तिमाहीला हिशेब देते. टस्कनीच्या माळ्यावरील पिंपे मात्र अजूनही कैक वर्षे उघडली जात नाहीत.