पालथा फोन

दुपारी डबे उघडले की आमच्या टेबलावर चार फोन येतात. तीन उताणे, एक पालथा. पालथा फोन ज्याचा, तो सदतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, नोकरीत पक्का. दोन घास कसेबसे पोटात ढकलतो आणि फोन घेऊन खिडकीकडे वळतो. मान वाकलेली, दोन्ही अंगठे चालू, एका कानात वायर. मागून चपलांचा आवाज आला की अंगठे थांबतात आणि फोन पुन्हा पालथा. तो मोबाइलवर बीजीएमआय हा खेळ खेळतो हे आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लपवतो. बडे बाबूंनी एकदा दोन हाका मारल्या, ओ आली नाही, तेव्हा ते म्हणाले, "का रे भाऊ, लहान पोट्टा हायेस का तू?" सगळे हसले. तोही हसला, पण कान लाल झाले होते.

हेच बडे बाबू माघात रविवारी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहायला तीस किलोमीटर जातात. सकाळपासून धुळीत उभे. सोमवारी घसा बसलेला. त्यांना कोणी पोट्टा म्हणत नाही. मग हे कान लाल होणं आलं कुठून, याचा माग काढायला बसलो आणि थेट आमच्या विदर्भाच्या जावयापाशी पोहोचलो.

दमयंती विदर्भाची. नळ तिचा नवरा, राज्य निषधाचं. महाभारतातल्या नळोपाख्यानात नळ भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळायला बसतो आणि उठतच नाही. प्रधान आणि नगरजन दारात येऊन उभे राहतात. दमयंती आत जाऊन सांगते, राज्याची माणसं आली आहेत, त्यांना भेटा. नळ उत्तर देत नाही. तेव्हा ती माणसं, हा आता उरला नाही, असं समजून दुःखाने आणि लाजेने घरी परततात. मला या प्रसंगात कायम एक गोष्ट खटकत आली होती. हरतोय नळ, आणि लाज वाटते दारातल्यांना. आता वाटतं की त्यांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. माणूस समोर बसलेला आहे आणि हाकेला ओ देत नाही, हे ते दुखणं.

त्या काळचे फासे विभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या फळांचे. ऋग्वेदातल्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या तोंडी एक अख्खं सूक्त आहे, त्यातले फासेही हेच. नळ पुढे ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकतो ती बेहड्याच्याच झाडापाशी, आणि त्याला खेळात हरवायला अंगात शिरलेला कली बाहेर पडून शिरतो तोही त्याच झाडात. म्हणून ते झाड निंद्य ठरलं. आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात बेहडे आहेत. लोक फळं वेचतात, त्रिफळ्यासाठी विकतात, कलीची आठवण कोणी काढत नाही.

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे तेराव्या शतकातलं लीळाचरित्र, आणि तिथेही हा खेळाडू आहेच. चक्रधरस्वामी होण्याआधीचे हरिपाळदेव गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र, द्यूताचा नाद असलेले. एकदा हरले, घेणेकरी अडून बसले, बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिने दिले नाहीत. वडिलांनी देणं चुकतं केलं, पण यांचं मन घरातून उडालं आणि ते रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघाले ते परत गेले नाहीत. त्यांच्या पहिल्या अनुयायांपैकी निळभट भांडारेकार, ज्यांच्या नावातच आमचं गाव आहे. खेळणाऱ्या नवऱ्याकडे पाहणारी बायको मराठीत एवढ्या आधीपासून आहे. ऑफिसातले सहकारी तिच्या मानाने फार उशिरा आले.

मधल्या काळात लोकांनी खेळाला तिथी लावून दिली होती. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. कोजागरीच्या रात्री फासे खेळून जागायचं, कारण लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? म्हणजे त्या रात्री खेळ हाच हजर असल्याचा पुरावा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर धानाने सगळं ठरवलं. रोवणीच्या दिवसांत खेळायचं नाव कोणी काढत नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, दंडार, खडी गंमत. धान घरात आलं की पट, आणि पटाच्या रात्री नाटक. मोठी माणसं बैलांमागे ओरडतात, भांडतात, पैसे उडवतात, आणि सगळं गाव ते पाहतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा हीच माणसं परंपरेचं नाव घेऊन उभी राहिली. 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं. एका खेळासाठी विधिमंडळापासून दिल्लीपर्यंत! पोरखेळ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

इंग्रजांनी तिथी काढली आणि जागा धरली. 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा ज्या मोजक्या प्रांतांना लावला त्यात मध्य प्रांत होता, आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात. जुगाराच्या अड्ड्यावर नुसतं सापडणंसुद्धा गुन्हा झालं, दंड 100 रुपयांपर्यंत. कौशल्याचे खेळ मात्र कायद्याने वगळले होते, पण ती बारीक ओळ गावात पोहोचली नाही. गावात पोहोचली ती धाड. अजूनही पोळा आला की पत्त्यांच्या डावावर धाड पडल्याची बातमी येतेच.

मग भोंगा आला. जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँड, वरठीचं सनफ्लॅग. जिल्ह्यातल्या हजारो माणसांचा वेळ पहिल्यांदा दुसऱ्याच्या मालकीचा झाला. आता खेळायची तिथी नव्हती, सुट्टी होती, तीही अर्ध्या तासाची.

ऑफिसातल्या लपवाछपवीचा माग तर संगणकातही लागतो. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर आलं. ते लिहिणारा वेस चेरी तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये शिकाऊ उमेदवार होता. त्याने त्यात एक बटण ठेवलं होतं: साहेब आला की दाबायचं, पत्ते जाऊन पडद्यावर खोटा हिशेबाचा तक्ता यायचा. कंपनीने ते बटण काढायला लावलं, खेळ मात्र जगभर वाटला. 2006 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हेच पत्ते पाहिले आणि त्याला नोकरीवरून काढलं. बटण असतं तर वाचला असता बिचारा. पालथा फोन म्हणजे तेच बटण, हाताने दाबायचं.

मोबाइलवर सगळी जुनी बदनामी एकत्र झाली. पबजी 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला तो चिनी म्हणून, पण घरोघरी समाधान झालं ते पोरं सुटली म्हणून. 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन आला, 2022 मध्ये गेला, 2023 मध्ये परत आला. त्यात पैसे लावायचे नसतात. तरी आमच्या ऑफिसात रमीवाला आणि बीजीएमआयवाला एकाच माळेचे मणी. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ आला, मोबाइलवर रमी. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं. आमच्या टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण लोक चिडले होते ते रमीवर कमी आणि सभागृहात असून नसण्यावर जास्त, असं मला वाटतं. दारातल्या नगरजनांसारखे.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैशाचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. आमच्या गड्याने ती बातमी जपून ठेवली आणि दिवाळीनंतर डब्याच्या वेळी बडे बाबूंपुढे धरली.

"म्हणजे तुमच्या पटासारखंच झालं हे, बडे बाबू."

बडे बाबूंनी चष्मा वर करून वाचलं. "असन. पन पटात मले कोनी हाक मारली तं मी ओ देतो. तू देत नाहीस."

यावर तो काही बोलला नाही. फोन टेबलावर उताणा पडला होता, पडद्यावर नुकताच संपलेला सामना. बडे बाबू वाकून पाहायला लागले.

"किती जोड्या होत्या?"

"जोड्या नाही. शंभर जण."

"अन् तुया नंबर?"

"एकोणिसावा."

"हट्," बडे बाबू म्हणाले आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवली.