पिस्तुलावरील परावर्तक लक्ष्यदर्शक

आखूड नळीच्या पिस्तुलावर बसविण्याचे, नेम धरण्यासाठी प्रकाशबिंदू दाखविणारे प्रकाशीय उपकरण. त्याचे मूळ तत्त्व डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडलेल्या परावर्तक लक्ष्यदर्शकात आढळते. विजेरीवर चालणारा लाल बिंदूचा लक्ष्यदर्शक स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणला.

यात प्रकाश-उत्सर्जक डायोडचे (पहा : डायोड) किरण वक्र, अंशतः परावर्तक काचेवरून समांतर होऊन डोळ्याकडे येतात. त्यामुळे बिंदू दूर असल्यासारखा दिसतो. प्रतिमेचे विशालन होत नाही. बिंदूचा आकार कोनीय मिनिटांत देतात. १ मिनिट म्हणजे १०० मी. अंतरावर सुमारे २.९ सेंमी. उपकरण पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात (स्लाइडमध्ये) कोरलेल्या खोबणीत थेट किंवा जोडपट्टीच्या साहाय्याने स्क्रूंनी बसवितात. प्रत्येक बाराबरोबर ते स्लाइडसह मागेपुढे सरकत असल्याने हलके व धक्कासह असावे लागते.

आखूड पिस्तुलात पुढील माशी व मागील खाच यांतील अंतर कमी असते. त्यांच्या जुळणीतील अल्प चुकीनेही नेम बराच ढळतो. प्रकाशबिंदूमुळे ही जुळणी करावी लागत नाही (पहा : पिस्तूल). अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेल्या एम१७ व एम१८ पिस्तुलांच्या स्लाइडवर असा लक्ष्यदर्शक बसविण्याची सोय आहे.